संगणकातील हाडे आणि आजीचे जाते

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी आणि लातूरला राहणारा माझा आत्तेभाऊ, अशा दोघांनी मिळून एक उद्योग आरंभिला. औसा तालुक्यातील आमच्या गावी पडवीच्या कोपऱ्यात आजीचे जाते अजून आहे. गावात पिठाची गिरणी येऊन किती वर्षे झाली ते आजीलाही नीट सांगता येत नाही. पण लग्नकार्यात हळकुंड दळायला, डाळ भरडायला ते जाते कालपरवापर्यंत फिरत होते. आता ते थांबले आहे, कारण आजीचा उजवा खांदा धरला आहे. हात पाठीमागे जात नाही, खांद्यावर उचलत नाही. घरात दुसऱ्या कुणाला दळता येत नाही. मी एकदा बसून पाहिले. दहा फेऱ्यांत माझा दंड भरून आला आणि पीठ तर दूरच, जोंधळ्याचे नुसते तुकडे पडले.

हेमा राईरकर आणि गी पॉयटविन यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, ही गोष्ट मराठी विभागातील आपल्या गुरुजनांनी वर्गात सांगितलेली आहेच. ओव्या राहिल्या. पण ओवी म्हणताना बाई कशी बसत होती, खुंटा कसा धरत होती, वाकत कुठून होती, हे ओवीत लिहिलेले नसते. आजीची दळण्याची लकब आजीबरोबर जाऊ नये, एवढीच आमची इच्छा होती. आत्तेभाऊ दोन वर्षांपासून चलचित्रे बनविण्याचे शिक्षण घेतो आहे. तो म्हणाला, “संगणकात आजीची आकृती उभी करू, जात्यापाशी बसवू आणि दळायला लावू. चाळीस सेकंदांची फीत. स्नेहसंमेलनात दाखव.” एका सेकंदाला चोवीस चित्रे या हिशेबाने चाळीस सेकंदांची नऊशेसाठ चित्रे होतात. हे काम आठवड्याभराचे, असे त्याने सांगितले. त्याला आता चार महिने उलटून गेले.

पहिल्या दिवशी रात्री आम्ही जे काही तयार केले होते ते आजीला दाखविले. पडद्यावरच्या बाईचा हात गोल गोल फिरत होता, कोपर मधूनच पोटात शिरून पाठीतून बाहेर येत होते, आणि मनगट धुणे पिळावे तसे पिळले जात होते. आजीने चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि विचारले, “ही बाई दळायली का पाणी ढवळायली?”

प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला जे समजले, त्याचा वृत्तांत आहे. विषय संगणकाचा असला तरी कला शाखेच्या विद्यार्थ्याला तो परका वाटण्याचे कारण नाही. वस्तुतः तो बाहुल्यांचा विषय आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या प्रसिद्ध आहेत. ती परंपरा जपल्याबद्दल तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कळसूत्री बाहुलीचा हात सूत्राने ओढला की वर जातो आणि सूत्र सैल सोडले की आपल्या वजनाने खाली येतो. म्हणजे अर्धे काम सूत्रधार करतो आणि अर्धे पृथ्वी करते. संगणकातील बाहुलीला पृथ्वीचे हे साहाय्य नाही. तेथे वजन म्हणून काही नसते. हात जेथे सोडला तेथेच अधांतरी राहतो. दुसरे टोक म्हणजे दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली केलेली ‘आगकाड्यांची मौज’. त्यात आगकाड्या हाताने किंचित सरकवायच्या, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायच्या, अशी रीत होती. संगणकातही चित्रे अशीच एकामागून एक उभी राहतात. फरक इतकाच की प्रत्येक चित्र हाताने मांडावे लागत नाही. दोन ठळक चित्रे आपण ठरवून द्यायची, मधली संगणक भरून काढतो. ही सोय मोठी आहे आणि सगळे घोटाळेही बहुतेक येथूनच सुरू होतात.

आता हाड म्हणजे काय ते सांगते. माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. संगणकातील आकृतीत साधारण चालण्याबोलण्यापुरती पन्नाससाठ असली तरी भागते, आणि त्यातलीही निम्मी बोटांत जातात. मुले त्यांना ‘बोन’ म्हणतात. पण त्यात हाडासारखे काही नाही. ती एक काल्पनिक काठी आहे. तिला एक मूळ आणि एक शेंडा. मांडीच्या काठीच्या शेंड्याला पोटरीच्या काठीचे मूळ जोडायचे, पोटरीच्या शेंड्याला पाऊल. जी काठी आधीची ती आई, नंतरची ती लेक, असे नाते लावतात. आई फिरली की लेकीला तिच्याबरोबर फिरावेच लागते. लेक फिरली तर आईला त्याची दादही नसते. (हा नियम संगणकाबाहेर कितपत खरा आहे, हे वाचकांनी आपापल्या घरी पाहावे.) या काठ्यांच्या सांगाड्यावर कातडे चढवायचे. कातडे म्हणजे हजारो बिंदूंची जाळी, आणि प्रत्येक बिंदूला सांगून ठेवायचे की तू कोणत्या हाडाचे किती ऐकायचेस. दंडाच्या मधला बिंदू पूर्णपणे दंडाच्या हाडाचे ऐकतो, कोपराजवळचा निम्मे दंडाचे आणि निम्मे हाताचे.

या रचनेत खांदा फिरवला की कोपर फिरते, कोपराबरोबर मनगट आणि मनगटाबरोबर बोटे. नमस्काराला हात उचलायचा असेल तर ही पद्धत ठीक आहे. पण हात एखाद्या ठिकाणी टेकलेला, धरलेला असला की पंचाईत होते. आमच्या आजीने खुंटा धरला आहे. तिचा खांदा आम्ही दोन अंश हलवला की मूठ खुंट्यावरून सुटून हवेत जाई. मग कोपर हलवून मूठ परत आणायची, तोवर मनगट वाकडे. नऊशेसाठ चित्रांत असे करीत बसलो असतो तर आमचे पदवीचे वर्ष त्यातच गेले असते.

म्हणून उलटी पद्धत वापरतात. मूठ कुठे हवी ते आपण सांगायचे. कोपर आणि खांदा किती वाकवायचा ते संगणकाने काढायचे. याला संक्षेपाने ‘आयके’ म्हणतात. यातले गणित अकरावीत शिकलेल्या त्रिकोणाचेच आहे. दंड ही एक बाजू, कोपरापासून मुठीपर्यंतचा हात ही दुसरी आणि खांद्यापासून खुंट्यापर्यंतचे अंतर ही तिसरी. तिन्ही बाजू माहीत असल्या की कोन निघतात. पण त्रिकोणाचा आकार ठरला तरी तो कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे ठरत नाही. आपण स्वतः करून पाहावे: मूठ टेबलावर टेकवा, खांदा स्थिर ठेवा आणि कोपर हलवा. ते खाली येते, बाहेर जाते, वर येते. एका वर्तुळावर हवे तेथे ठेवता येते. माणसाचे शरीर यातली सोयीची जागा न विचारता निवडते. संगणकाला ती सांगावी लागते, आणि त्यासाठी हवेत एक खूण रोवून ठेवतात. कोपराने नेहमी त्या खुणेकडे पाहायचे, असा हुकूम. आमचे कोपर पोटात का शिरत होते, त्याचे कारण ही खूण. आम्ही ती बाईच्या बाजूला, पण जात्याच्या फार जवळ ठेवली होती. मूठ फिरत फिरत त्या खुणेच्या रेषेत आली की कोपराला कुठे पाहावे ते कळेना, आणि एका चित्रात उजवीकडे असलेले कोपर पुढच्या चित्रात एकदम डावीकडे जाई. खूण उचलून बरीच मागे आणि खाली नेली तेव्हा हा दोष गेला. तीन ओळींत मी हे सांगितले, पण ते उमगायला तीन रात्री लागल्या.

यापुढचा दोष अधिक खोल होता. फेरीच्या दूरच्या टोकाला मूठ खुंट्यापासून सुटत होती. आम्ही टेप घेऊन मोजमापे घेतली. आजीचा दंड २७ सेंटीमीटर, कोपरापासून मुठीच्या मध्यापर्यंत ३०. दोन्ही मिळून ५७. बसल्यावर खांदा खुंट्याच्या मुठीपेक्षा साधारण ३० सेंटीमीटर उंच. खुंटा जवळ असतो तेव्हा आडवे अंतर २५, आणि अर्धी फेरी होऊन दूर जातो तेव्हा ५५. पायथागोरस लावला की जवळचे अंतर ३९ आणि दूरचे सुमारे ६३ सेंटीमीटर भरते. हात ५७चा, जायचे ६३वर! सहा सेंटीमीटर कमी पडणारच. शिवाय हात पूर्ण सरळ होऊ लागला की त्रिकोण चपटा होत जातो आणि अंतरात जरासा बदल झाला तरी कोपराचा कोन फार बदलतो. त्यामुळे त्या जागी कोपर झटका खाते. पडद्यावर ती बाई प्रत्येक फेरीला दचकल्यासारखी दिसे.

आत्तेभावाने यावर सोपा उपाय काढला. त्याने हात सहा सेंटीमीटर लांब केला. संगणकात हाड ओढून लांब करता येते. चित्र गुळगुळीत झाले. आम्ही विजयी मुद्रेने पुन्हा आजीकडे गेलो. ती म्हणाली, “अरे लेकरा, हातानं दळत नसत्यात. कमरेनं दळत्यात.”

आणि ती उठून जात्यापाशी बसली. एक पाय लांब सोडला, दुसरा गुडघ्यात दुमडून घेतला, पदर खोचला आणि डाव्या हाताने खुंटा धरून अर्धी फेरी करून दाखविली. तेवढ्यात आम्हाला दिसले ते असे: खुंटा दूर जाताना हात लांब होत नाही, अख्खे धड कमरेतून पुढे झुकते, आणि धड निघते ते हाताच्या किंचित आधी. हात मागाहून ओढला जातो. कोपर कधीच सरळ होत नाही. आम्ही खांदा दहा सेंटीमीटर पुढे आणि दोन सेंटीमीटर खाली घेऊन पुन्हा गणित केले, तर दूरचे अंतर ६३चे ५३ झाले आणि कोपराचा कोन १३७ अंश आला. जवळच्या टोकाला तो ८६ अंश, म्हणजे जवळजवळ काटकोन होता. ८६ अंशांपासून १३७ अंशांपर्यंत, एवढ्याच हालचालीत हाताचे काम भागते. बाकीचे ओझे पाठीच्या आणि कमरेच्या मोठ्या स्नायूंवर जाते. पायली पायली दळून हात का गळून पडत नसत, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. मी दहा फेऱ्यांत का थकले याचाही. आम्ही सगळे नियंत्रण कमरेच्या हाडाकडे दिले आणि ताणलेला हात मूळच्या मापावर आणला.

मुठीचा प्रश्न मात्र वेगळाच निघाला. मूठ खुंट्यावरून सुटू नये म्हणून आत्तेभावाने मूठ ही खुंट्याचीच लेक करून टाकली. आता ती सुटणे शक्य नव्हते. पण खुंटा जात्याबरोबर फिरतो, आणि एका फेरीत पूर्ण ३६० अंश वळतो. लेक झालेली मूठही तेवढीच वळू लागली. पहिल्या फेरीत मनगटाला एक पीळ बसला, दुसऱ्या फेरीत दोन. खऱ्या दळणात असे का होत नाही? कारण खुंटा मुठीच्या आत फिरत असतो. मूठ आपल्या दिशेलाच राहते आणि लाकूड तिच्यातून घसरत जाते. आमच्या जात्याचा खुंटा हातात घेऊन पाहा, तो काचेसारखा गुळगुळीत आहे. तो सुताराने तसा केलेला नाही. संगणकात यासाठी मुठीला एवढेच सांगावे लागते की तू खुंट्याची जागा घे, त्याचे वळण घेऊ नकोस. जागा आणि वळण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हाडांच्या बाबतीत पदोपदी ध्यानात ठेवावे लागते. नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी या दोहोंच्या गल्लतीतून निघतात असे माझे मत झाले आहे.

मनगट धुण्यासारखे का पिळले जात होते, तेही सांगितले पाहिजे. तयार आकृती मिळते ती दोन्ही हात आडवे पसरून, तळवे जमिनीकडे करून उभी असते. खुंटा धरायला तळवा ९० अंश वळवावा लागतो. आपल्या हातात कोपराखाली दोन हाडे असतात. तळवा वळताना त्यातले एक दुसऱ्याभोवती कलते, आणि पीळ कोपरापासून मनगटापर्यंत वाटला जातो. संगणकातील हाताला तेथे एकच काठी. सगळा पीळ मनगटाच्या एका रेषेवर पडतो. तेथील बिंदू निम्मे हाताचे ऐकतो आणि निम्मे तळव्याचे. हात म्हणतो तू इथे, तळवा म्हणतो तू ९० अंश पलीकडे. संगणक दोन्ही जागांची सरासरी काढतो. वर्तुळावरच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेचा मध्य वर्तुळाच्या आत पडतो, हे कागदावर काढून पाहिल्यास लगेच पटेल. ९० अंशांना मनगटाची जाडी शंभराची एकाहत्तर उरते, आणि तळवा १८० अंश वळवला तर समोरासमोरच्या बिंदूंची सरासरी म्हणजे केंद्रच, मनगट शून्य! यावर तोडगा म्हणजे एका काठीच्या तीन काठ्या करायच्या आणि प्रत्येकीला ३० अंशांचा पीळ द्यायचा. मग जाडी शंभराची सत्त्याण्णव राहते. देवाने दोन हाडांत जे साधले त्यासाठी आम्हाला तीन लागली.

खांद्याचेही तसेच. हात खालून थेट डोक्यावर नेला तर १८० अंश होतात. त्यातले सुमारे १२० खांद्याच्या सांध्यात घडतात आणि ६० पाठीवरचे फऱ्याचे हाड सरकल्याने. डॉक्टर आजीच्या पाठीवर हात ठेवून हेच पाहत होते, ते आता कळले. तिचा सांधा आखडल्यामुळे ती खांदा नुसता वर चढवते, म्हणजे फऱ्याच्या हाडावर काम भागवते. संगणकात पुष्कळजण नेमके उलटे करतात: फऱ्याचे हाड विसरून सगळे १८० अंश दंडालाच देतात, आणि काखेतले कातडे चुरगाळते.

पदर डोक्यावर घेताना हात वर जातो, त्या वेळी आणखी एक चमत्कारिक प्रकार घडला. हात वर नेऊन किंचित बाजूला कलवायचा होता. पण नियंत्रणाच्या तीन कड्यांपैकी दोन कड्या फिरवल्या तरी एकच हालचाल होई, आणि हवी ती हालचाल कोणत्याच कडीने होईना. आम्हाला वाटले काही बिघडले. बिघडले काहीच नव्हते. हातात विजेरी धरा. तिची दिशा तीन क्रियांनी ठरवा: आधी स्वतःभोवती वळा, मग विजेरी वर-खाली करा, मग ती तिच्याच लांबीभोवती फिरवा. विजेरी समोर आहे तोवर तिन्ही क्रिया वेगळ्या आहेत. आता ती सरळ आभाळाकडे धरा. तुम्ही स्वतःभोवती वळलात काय आणि विजेरी लांबीभोवती फिरवलीत काय, परिणाम एकच! तीनपैकी एक क्रिया वाया गेली, आणि विजेरी चटकन बाजूला कलविण्याचा मार्गच उरला नाही. याला कड्यांचे कुलूप म्हणावे; इंग्रजीतही त्याला ‘गिम्बल लॉक’ असेच नाव आहे. १९६९ साली चंद्रावर गेलेल्या अपोलो ११ यानाच्या दिशादर्शक यंत्रात तीनच कड्या होत्या, आणि यान त्या कुलपात सापडू नये म्हणून अंतराळवीरांना काही दिशा टाळाव्या लागत. मायकेल कॉलिन्स याने तर नाताळची भेट म्हणून चौथी कडी पाठवा, अशी थट्टा केली होती. आमच्या आजीच्या पदराला तीच अडचण आली, याचा आत्तेभावाला केवढा अभिमान!

या कुलपाची किल्ली फार जुनी आहे. डब्लिनचा गणिती हॅमिल्टन १६ ऑक्टोबर १८४३ रोजी कालव्याच्या काठाने चालला असता, वळण मांडण्यासाठी तीन नव्हे तर चार संख्या हव्यात असे त्याला सुचले, आणि त्याने ते सूत्र तेथल्याच पुलाच्या दगडावर कोरले. त्या संख्यांना ‘क्वाटर्नियन’ म्हणतात. १९८५ साली केन शूमेक यांनी त्या चलचित्रांसाठी कशा वापराव्यात ते दाखविले आणि आज सर्व प्रणालींत त्यांची सोय असते. मग तीन कड्या ठेवल्याच कशाला, असे कुणी विचारील. कारण असे की ‘कोपर ४० अंश वाकव’ हे माणसाला समजते. चार संख्यांचा तो संच डोळ्यांनी वाचून हाताने सुधारणे कुणालाच जमत नाही. आम्ही फक्त दोन्ही खांद्यांना चार संख्यांवर टाकले, कोपर-गुडघ्यांना तीन कड्यांवरच ठेवले.

जात्यावर दोघी बसतात. आजीसमोर तिची धाकटी जाऊ बसत असे. आम्ही पुन्हा सगळे कष्ट नकोत म्हणून आजीच्या आकृतीची आरशातली नक्कल करून समोर बसविली. प्रणालीत ती सोय एका कळीवर आहे. दिसायला छान दिसले. आजीने मात्र क्षणात ओळखले. “धाकली डावखुरी नव्हती,” ती म्हणाली. आरशात उजवा हात डावा होतो आणि फिरण्याची दिशाही उलटते. म्हणजे आमच्या दोघी जावा एकच खुंटा विरुद्ध दिशांना ओढत होत्या. (आजीच्या मते प्रत्यक्षातही असे दिवस आले होते, पण ते दळणात नव्हे.) येथे आरसा उपयोगाचा नाही, आकृती जात्याच्या मेखेभोवती १८० अंश फिरवून ठेवावी लागते, आणि एकीची मूठ दुसरीच्या मुठीच्या वर घ्यावी लागते.

बसण्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण ते मला सर्वांत लागले. आम्हाला जी तयार आकृती मिळाली, तिला खुर्चीवर बसता येत होते, धावता येत होते, पण मांडी घालता येत नव्हती आणि उकिडवे तर मुळीच बसता येत नव्हते. गुडघ्याला १३५ अंशांची मर्यादा घातलेली होती. माणसाचा गुडघा उकिडवे बसताना त्याच्या पुढे जातो. आपल्याकडे चुलीपुढे, नळावर, शेतात भाजी निवडताना बायका तासन्‌तास तशा बसतात. ती मर्यादा शरीरशास्त्राची नव्हे, कुणीतरी टाइप केलेला तो एक आकडा होता. आम्ही तो बदलला. बदलल्यावर पोटरी मांडीतून आरपार गेली, कारण संगणकातल्या कातड्याला स्पर्श कळत नाही. दोन अवयव एकमेकांस टेकले की मांस दबून पसरते, हे त्याला वेगळे शिकवावे लागते.

आपल्या भागातल्या शिल्पकारांना हे सारे ठाऊक होते. देगलूर तालुक्यात होट्टल येथे चालुक्यकालीन सिद्धेश्वराचे मंदिर आहे, लातूर जिल्ह्यात निलंग्याला नीलकंठेश्वराचे. तेथील सुरसुंदरींकडे मी पूर्वी ‘किती सुंदर’ एवढेच म्हणून पाहत असे. आता पाहते ते हाडांकडे. शिल्पशास्त्रात उत्तम देहाची उंची १०८ अंगुळे, चेहरा १२ अंगुळे, असे नवतालाचे प्रमाण दिलेले आहे, आणि उभे राहण्याचे समभंग, आभंग, त्रिभंग, अतिभंग असे प्रकार. समभंग म्हणजे आमच्या तयार आकृतीची मूळ स्थिती, दोन्ही पायांवर सारखा भार. त्रिभंगात मान, कंबर आणि गुडघा या तीन ठिकाणी देह वळतो. आम्ही एक दिवस गंमत म्हणून आमची आकृती त्रिभंगात उभी केली. तीन सांधे वळवले आणि ती बाई पडेल की काय असे वाटू लागले. कारण आम्ही वळण दिले, भार दिला नाही. एका पायावर भार आला की त्या बाजूचे नितंब वर चढते, खांदा उलट दिशेला उतरतो, आणि गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा भार घेतलेल्या पावलाजवळ येतो. शिल्पकार त्या ओळंब्याला ब्रह्मसूत्र म्हणत. दगडाला वजन असते, म्हणून बहुधा त्यांना विसरता आले नसेल.

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी एक माहिती. ‘ब्लेंडर’ ही प्रणाली विनामूल्य मिळते. टोन रूझेंडाल या डच गृहस्थांनी ती सुरू केली. मूळ कंपनी बंद पडल्यावर २००२ साली जगभरच्या वापरकर्त्यांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमविले आणि ती सर्वांसाठी मोकळी करून घेतली. लॅटव्हियातील ‘फ्लो’ हा मांजराचा चित्रपट तिच्यावर तयार झाला आणि २०२५ साली त्याला ऑस्कर मिळाले. साधारण बऱ्या संगणकावर ती चालते. आमचा मध्येच बंद पडत असे, ती गोष्ट वेगळी.

आमची फीत अद्याप पूर्ण नाही. स्नेहसंमेलनात आम्ही तिचे फक्त चौदा सेकंद दाखवू शकलो. कंबर हलते, कोपर जागेवर आहे, मूठ खुंट्यावर आहे, दोघी जावा एकाच दिशेने ओढतात. डाव्या हाताने मूठभर दाणे वैरायचे राहिले आहे; पाच बोटे, प्रत्येकीची तीन हाडे, आणि अंगठ्याचा सांधा तर सगळ्यांहून वेगळा. आजी रोज रात्री स्टीलच्या ताटात जोंधळे घेऊन ती मूठ कशी सैल सुटते ते दाखविते. डाव्या हाताला अजून काही झालेले नाही. आत्तेभाऊ दर रविवारी लातूरहून येतो, मोबाइलवर तिचे चित्रण करतो, आणि ती त्याला म्हणते, “हळू बघ. सगळे दाणे एकदम पडत नसत्यात.”